पंखे चालू ठेवणारी माणसं

११ फेब्रुवारी १९८५ या दिवशी साल्युत-७ या सोव्हिएत अवकाश स्थानकाशी असलेला संपर्क तुटला. त्या वेळी आत कुणी नव्हतं. वीज गेली, त्यापाठोपाठ हीटर बंद पडले आणि ते अवजड स्थानक गारठलेल्या अवस्थेत पृथ्वीभोवती फिरत राहिलं. जूनमध्ये व्लादिमीर जानिबेकोव आणि व्हिक्टर साविनिख हे दोघे सोयुझ टी-१३ मधून तिथे पोचले. स्थानक कुठल्याच संदेशाला उत्तर देत नव्हतं, त्यामुळे आपोआप जोडणी होण्याचा प्रश्नच नव्हता. खिडकीतून बघत, हातातल्या लेझर अंतरमापकावरचे आकडे वाचत जानिबेकोव यांनी यान त्याला जोडलं. दार उघडून आत गेले तर भिंतींवर हिमाचा थर, टाक्यांमधलं पाणी गोठलेलं, दिवा एकही नाही. लोकरी टोप्या आणि गरम कपडे चढवून दोघं कामाला लागले.

आधी एकेक बॅटरी तपासली. आठपैकी सहा पुन्हा चार्ज होतील असं दिसलं. मग गारठलेल्या हातांनी तारा सोलून, पिळून, त्यांवर टेप गुंडाळून त्यांनी त्या बॅटऱ्या थेट सौर पंखांना, म्हणजे उन्हापासून वीज बनवणाऱ्या पट्ट्यांना जोडल्या. सोयुझच्या इंजिनाने अख्खं स्थानक सूर्याकडे वळवलं. बॅटऱ्या भरल्या, दिवे लागले, हळूहळू ऊब आली. मग बर्फ वितळायला लागला आणि जिकडेतिकडे पाणीच पाणी झालं, तेही त्यांनी पुसून काढलं. नंतर कळलं की हा सगळा अनर्थ एका सेन्सरमुळे झाला होता. बॅटरी भरली आहे अशी चुकीची खबर तो देत राहिला, म्हणून चार्जिंग बंद राहिलं आणि बॅटऱ्या रिकाम्या झाल्या. आदल्याच वर्षी, एप्रिल १९८४ मध्ये, राकेश शर्मा याच स्थानकावर राहून आले होते.

ही हकीकत मी किती जणांना सांगितली असेल त्याला गणती नाही. मी रुग्णालयांतली यंत्रं सांभाळते. ऑक्सिजनची लाइन, व्हॅक्यूम पंप, डायलिसिससाठी लागणाऱ्या पाण्याचा आरओ प्लांट, आयसीयूतले मॉनिटर, हे माझं रोजचं जग. अंतराळवीरांबद्दल मी शाळेपासून वाचत आले, पण या कामात पडल्यावर वाचायची नजर बदलली. उड्डाणाच्या दिवसाची वर्णनं मी आता भराभर उलटते. स्थानकावरचा कुठला पंप बिघडला, कुठला फिल्टर चोक झाला, तो कुणी आणि कसा उघडला, तिथे मात्र थांबते. आणि मला मनापासून वाटतं की अंतराळवीर होणं म्हणजे काय, हे त्याच ठिकाणी समजतं. स्थानकावर राहायचं म्हणजे स्थानकाला जिवंत ठेवायचं. तिथे जाणारी माणसं याच कामासाठी निवडलेली आणि घडवलेली असतात.

पंख्यांचंच घ्या. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पंख्यांचा आवाज अखंड चालू असतो आणि तो चालूच राहावा लागतो. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, थंड हवा खाली येत नाही. हवा हलवली नाही तर ती असते तिथेच राहते. झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या नाकातोंडाभोवतीच साचतो आणि तो डोकेदुखीने, गुदमरून जागा होतो. साल्युत-७ वर त्या दोघांनी हे भोगलंच, कारण वीज नव्हती, म्हणजे पंखेही नव्हते. जून १९९७ मध्ये प्रोग्रेस हे मालवाहू यान मीर स्थानकाच्या स्पेक्त्र या भागावर आदळलं. हवा गळायला लागली, त्या भागाचं दार बंद करण्यासाठी दारातून गेलेल्या केबल घाईघाईने सोडवाव्या लागल्या, पुढे वीज गेली आणि पंखे थांबले. स्थानकात शांतता पसरली की काहीतरी बिनसलंय, हे तिथल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. आयसीयूत काम केलेल्या कुणालाही हे पटेल. आवाज थांबला की आम्ही आधी पळतो.

आता पाणी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हा माझा विषय आहे.

आंतरराष्ट्रीय स्थानकावर पाणी पाठवणं अतिशय महाग पडतं. म्हणून लघवी, घाम, श्वासातला दमटपणा असं सगळं गोळा करून शुद्ध केलं जातं आणि तेच पुन्हा प्यायलं जातं. अमेरिकी भागातली ही यंत्रणा नोव्हेंबर २००८ मध्ये वर गेली. लघवीसाठी वेगळं यंत्र आहे. कमी दाबाखाली, फिरत्या ड्रममध्ये तिची वाफ करतात. ड्रम फिरवायचा कारण वजनरहित अवस्थेत द्रव आणि वाफ आपसूक वेगळे होत नाहीत, फिरवून द्रव कडेला ढकलावा लागतो. लघवीतलं ८५ टक्के पाणी परत मिळेल अशा हिशेबाने ते बनवलं होतं. पण २००९ मध्ये हे यंत्र बंद पडलं. उघडून बघितलं तर आत कॅल्शियम सल्फेटचे खडे.

आरओ प्लांट चालवणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पाणी जितकं आटवाल तितके क्षार घट्ट होणार आणि एका मर्यादेपलीकडे ते बसणारच. आम्ही मेंब्रेनसाठी, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यासाठी, हीच लढाई रोज लढतो. पण इथे प्रश्न असा होता की पृथ्वीवरच्या चाचण्यांमध्ये हे झालं नव्हतं, मग वर का झालं? उत्तर अंतराळवीरांच्या हाडांमध्ये होतं. शरीराचं वजन पेलायची गरज उरली नाही की हाडं विरळ व्हायला लागतात आणि त्यांतलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. त्यात लघवी टिकवण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल घातलं जात होतं, म्हणजे सल्फेट आयतंच मिळालं. माणसांची हाडं झिजत होती आणि त्याच हाडांतलं कॅल्शियम त्यांच्या पाण्याचं यंत्र बंद पाडत होतं. काही काळ यंत्र कमी क्षमतेवर चालवावं लागलं. मग सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फरिक आम्ल वापरायला सुरुवात झाली आणि पुन्हा ८५ टक्क्यांपर्यंत मजल गेली. पुढे उरलेल्या खारट गाळातूनही पाणी काढणारं वेगळं यंत्र जोडलं गेलं आणि २०२३ मध्ये सगळं मिळून ९८ टक्के पाणी परत मिळाल्याचं नासाने जाहीर केलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. डायलिसिसच्या खोलीत पेशंट आणि यंत्र एकमेकांना जोडलेले असतात ते मी रोज बघते. पण सात माणसं आणि एक अख्खं घर असं एकमेकांत मिसळलेलं असावं, एकाच्या शरीरातला बदल दुसऱ्याच्या पाइपमध्ये जाऊन बसावा, हे मी कधी कल्पिलं नव्हतं. म्हणूनच रोजच्या दोन-अडीच तासांच्या व्यायामाकडेही मी वेगळ्या नजरेने बघते. पळायच्या पट्ट्यावर खांद्या-कमरेला पट्टे बांधून स्वतःला खाली ओढून घ्यायचं आणि पळायचं. वजन उचलायचं यंत्र तर वजनाशिवाय चालतं. त्यात निर्वात सिलिंडर असतात आणि ते सुमारे २७० किलोपर्यंतचा जोर देऊ शकतात. व्यायाम न करता राहिलं तर हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. म्हणजे हा व्यायाम ही सुद्धा देखभालच आहे, फक्त यंत्र स्वतःचं शरीर असतं.

बाकीचा दिवस वेळापत्रकाने बांधलेला. घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर, कारण दर दीड तासाला पृथ्वीची एक फेरी होते आणि दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो, त्यावर कुठला दिनक्रम बसवणार? स्क्रीनवर कामांच्या पट्ट्या आणि त्यांवरून सरकत जाणारी लाल रेघ. प्रयोग, दुरुस्त्या, सामानाची मोजदाद. शनिवारी साफसफाई. तिथे धूळ खाली बसत नाही, ती हवेबरोबर वाहत जाऊन जाळ्यांवर चिकटते, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घेऊन जाळी न् जाळी साफ करायची. हरवलेला स्क्रूही बहुतेक वेळा तिथेच सापडतो. ताशी २८,००० किलोमीटर वेगाने चाललेल्या घरात, चारशे किलोमीटर उंचीवर, दर शनिवारी झाडलोट होते. नोव्हेंबर २००० मध्ये बिल शेपर्ड, युरी गिदझेन्को आणि सर्गेई क्रिकालेव तिथे राहायला गेले तेव्हापासून ते घर एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. माझ्या मते तर त्याचं बरंचसं श्रेय या शनिवारांना आहे.

आता एक गोष्ट अशी, जी मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला सांगते.

१६ जुलै २०१३. इटलीचे लुका पार्मितानो आणि अमेरिकेचे ख्रिस कॅसिडी स्पेसवॉकसाठी बाहेर होते. काही वेळाने पार्मितानो यांना डोक्याच्या मागे ओलं लागलं. पाणी वाढत गेलं. वजनरहित अवस्थेत पाणी ओघळून खाली जात नाही, ते त्वचेला धरून पसरत जातं. ते कानांवर आलं, डोळ्यांवर आलं, नाकावर आलं. स्पेसवॉक थांबवून परत फिरायला सांगितलं तोवर त्यांना नीट दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, त्यात सूर्य मावळला. सुरक्षेसाठी बांधलेल्या दोरीचा ताण कुठल्या दिशेने येतोय ते जोखत, चाचपडत ते दारापर्यंत पोचले. आत घेऊन हेल्मेट काढलं तेव्हा दीड लिटरच्या आसपास पाणी निघालं. अवकाशात माणूस बुडता बुडता वाचला.

कारण काय होतं? सूटला थंड ठेवणाऱ्या पाण्याची एक वाट असते आणि हवेतून पाणी वेगळं करणारा एक फिरता भाग असतो. त्याची बारीक छिद्रं पाण्यातल्या अशुद्धीने बुजली होती, म्हणून पाणी हवेच्या वाटेने हेल्मेटमध्ये शिरलं. पण माझं मन अडकतं ते त्याच्या आधीच्या आठवड्यात. ९ जुलैच्या स्पेसवॉकनंतरही त्याच हेल्मेटमध्ये पाणी सापडलं होतं. प्यायच्या पाण्याची पिशवी गळली असेल, असं मानून विषय संपवला गेला. चौकशीच्या अहवालात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि ते तसं उघडपणे लिहिलं याबद्दल मला त्या लोकांचा आदर वाटतो. पुढे हेल्मेटच्या मागच्या बाजूला पाणी शोषणारा पॅड आणि श्वासासाठी एक नळी बसवली गेली.

‘असं कधीकधी होतं’ हे वाक्य आमच्या कामात सगळ्यात धोकादायक. गळती सापडली की तिचा उगम सापडेपर्यंत थांबायचं नाही. कोरडं पुसून निघून गेलात तर ती गळती कुणाच्या तरी श्वासाशी येऊन ठेपू शकते.

सुनीता विल्यम्स यांचं नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचा २०२४ च्या जूनपासून मार्च २०२५ पर्यंत लांबलेला मुक्काम लोकांनी रोज बातम्यांत बघितला. मला मात्र त्या २०१२ मधल्या दोन स्पेसवॉकसाठी जास्त जवळच्या वाटतात. सौर पंखांकडून आलेली वीज पुढे वाटणाऱ्या चार मोठ्या पेट्या स्थानकाच्या बाहेर आहेत. त्यांपैकी एक बदलायची होती. ३० ऑगस्टला विल्यम्स आणि जपानचे आकिहिको होशिदे आठ तासांहून जास्त वेळ बाहेर होते, तरी नव्या पेटीचा बोल्ट काही केल्या बसेना. आट्यांमध्ये धातूचा कीस अडकला होता. शेवटी पेटी तशीच बांधून ठेवून दोघं आत आले. जमिनीवरच्या लोकांनी स्थानकात असलेल्या वस्तूंमधून काय बनवता येईल याचा विचार केला आणि आतल्यांनी ते बनवलं: एका दांड्याला टेपने बांधलेला टूथब्रश, आणि केबलच्या तारा पिंजून केलेला एक ब्रश. ५ सप्टेंबरला त्यांनी छिद्र साफ केलं, आट्यांना वंगण लावलं आणि बोल्ट बसला. ज्याने कधी गंजलेला बोल्ट जबरदस्तीने फिरवून आटे खराब केले असतील, त्याला पहिल्या दिवशी हात आवरून परत येण्याची किंमत कळेल. टूथब्रशचं कौतुक सगळे करतात. मला त्या माघारीचं कौतुक जास्त आहे.

आणि चहाची पत्ती! २०२० मध्ये रशियन भागातून हवा किंचित गळत होती आणि भेग सापडत नव्हती. दारं बंद करून हवेत चहाची पत्ती सोडली. कॅमेरे लावून ठेवले होते. पत्ती हळूहळू ज्या बाजूला सरकली, तिथे भेग होती.

हे सगळं वाचलं की निवडीच्या आणि प्रशिक्षणाच्या गोष्टींचा अर्थ लागायला लागतो. नासाच्या २०२१ च्या तुकडीसाठी १२,००० हून जास्त अर्ज आले आणि दहा जण निवडले गेले. युरोपच्या अवकाश संस्थेकडे त्याच सुमारास २२,५०० हून जास्त अर्ज आले, निवड सतरा जणांची झाली. पदवी, अनुभव, तब्येत यांच्या अटी असतातच, पण त्या पूर्ण करणारे हजारो असतात. क्लेटन अँडरसन पंधराव्या अर्जाला निवडले गेले. होझे हर्नांडेझ यांना अकरा वेळा नकार मिळाला, बाराव्या वेळी ते आत गेले आणि २००९ मध्ये उडाले. निवड झाल्यावर दोनेक वर्षं मूलभूत शिक्षण: स्थानकाच्या यंत्रणा, यांत्रिक हात, जेट विमानं, रशियन भाषा, पोहण्याची परीक्षा. मग मोहिमेसाठी वेगळी तयारी. ह्यूस्टनला १२ मीटर खोल आणि ६० मीटरहून लांब असा एक तलाव आहे, त्यात स्थानकाचे पूर्ण आकाराचे नमुने बुडवून ठेवले आहेत. सूट घालून, वजनं लावून तरंगायचंही नाही आणि बुडायचंही नाही अशा अवस्थेत आणतात आणि तिथे तासन्‌तास तेच बोल्ट काढायचे, तेच लावायचे. दाबाखाली फुगलेल्या हातमोज्यातून प्रत्येक पकड म्हणजे रबरी चेंडू दाबल्यासारखी असते. बोटं सोलवटतात, नखं दुखावतात. बाहेरच्या एका तासाच्या कामासाठी पाण्यातल्या सरावाचे कितीतरी तास खर्ची पडतात.

युरोपची संस्था अंतराळवीरांना सार्डिनियातल्या गुहांमध्येही नेते. अंधारात, ओलाव्यात काही दिवस एकत्र राहायचं, नकाशे करायचे, सामान जपायचं. इथे मला हात आणि डोकं यांच्याइतकीच तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दमलेलं असताना शेजारच्या माणसाशी नीट बोलता येणं. रात्रपाळीत दोन वाजता कॉम्प्रेसर बंद पडला की कोण हुशार हे मला कळत नाही, पण कोणाबरोबर पुन्हा रात्रपाळी करायची हे बरोबर कळतं. निवड करणारे नेमकं हेच शोधत असणार, कारण सहा महिने त्याच सहा चेहऱ्यांबरोबर काढायचे असतात आणि बाहेर पाय मोकळे करायला जाता येत नाही.

मला मुलंमुली विचारतात की अंतराळवीर व्हायला काय शिकू. मी विज्ञान-गणिताचं सांगतेच, ते टळत नाही. पोहायला शिका म्हणते, एक परकी भाषा शिका म्हणते. आणि एखादी वस्तू पूर्ण उघडून, सगळे भाग ओळीने मांडून, कुठला कुठे होता ते लिहून ठेवून, पुन्हा चालू करून दाखवा म्हणते. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर जाऊन आले तेव्हापासून असं विचारणारी मुलं वाढली आहेत आणि त्याचा मला फार आनंद आहे. त्यांच्यातला प्रत्येक जण वर जाणार नाही. पण ज्यांच्या हातांना ही सवय लागेल त्यांची इथेही प्रचंड गरज आहे, हे मी रोज डोळ्यांनी बघते.

पुढचं सगळ्यात अवघड काम अजून व्हायचंच आहे. आंतरराष्ट्रीय स्थानक जवळ आहे. पंप बिघडला तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नवा पाठवता येतो, अडलं तर जमिनीवरचे शंभर जण लगेच बोलायला असतात. मंगळाच्या वाटेवर यातलं काही नसेल. आवाज पोचायलाच वीस मिनिटांपर्यंत लागतील आणि मागून कुठलंही मालवाहू यान येणार नाही. म्हणून मी सध्या सुट्या भागांच्या बातम्या शोधत असते. २०१४ च्या डिसेंबरमध्ये स्थानकावरच्या थ्रीडी प्रिंटरने जमिनीवरून पाठवलेल्या फाइलवरून प्लॅस्टिकचा एक पाना छापला. २०२४ मध्ये युरोपच्या प्रिंटरने तिथे पहिला धातूचा भाग छापला. यातलं अजून बहुतेक चाचणीपुरतं आहे. पंपाचं सील, बेअरिंग, झडप, हे वर बनवून, वर बसवून, त्यावर पाण्याचं यंत्र वर्षभर चाललेलं मला बघायचं आहे. त्याची नोंद निघाली की ती मी सगळ्यात आधी वाचेन, आणि इथे लिहीनही.